रातकिडा समजलेला भोंगा: कापसाच्या घरातल्या स्मोक अलार्मचं एक प्रकरण

जानेवारी २०२३. परभणी जिल्ह्यात, मानवतपासून अर्ध्या तासावरच्या एका गावात माझ्या मावशीचं घर आहे. रात्री अडीचच्या सुमाराला मावशीच्या सासूबाईंना ठसका लागून जाग आली. आम्ही सगळे त्यांना आजीच म्हणतो. वय ब्याऐंशी, झोप तशीही तुटक. त्या ओसरीवर झोपल्या होत्या. आधी वाटलं, कुणीतरी लवकर चूल पेटवली असेल. मग वास ओळखला. "कापूस जळालाय रं," असं ओरडत त्यांनी काकांच्या, म्हणजे मावशीच्या यजमानांच्या, दाराची कडी वाजवली.

बैठकीच्या खोलीत तेव्हा तीसेक क्विंटल कापूस होता. आदल्या हंगामात भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला सगळ्यांनी पाहिला होता. म्हणून २०२२च्या दिवाळीनंतर आमच्याकडच्या पुष्कळ घरांनी कापूस विकलाच नाही, आज चढेल, उद्या चढेल म्हणत घरात भरून ठेवला. माणसं ओसरीवर आणि कापूस बैठकीत, असं ते वर्ष होतं. लेकरांच्या अंगाला खाज सुटली तरी कापूस हलला नाही.

दार उघडलं तेव्हा आत ज्वाळा नव्हती. पिवळट, जड धूर छातीपर्यंत उतरलेला आणि ढिगाच्या पोटात कुठेतरी लाल धग. कापसाची आग अशीच लागते, भडकत नाही, धुमसते. काकांनी आणि थोरल्या मावसभावानं फावड्यानं, मग हातांनीच कापूस अंगणात ओढला. हौदातलं पाणी बादल्यांनी मारलं, पण वरून ओतलेलं पाणी घरंगळून जायचं आणि आत धग तशीच. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे तो पाणी लवकर पीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात पसरलेल्या गठ्ठ्यांतून परत धूर निघाला, तेव्हा एकेक गठ्ठा फोडून विझवावा लागला.

सहा-सात क्विंटल कापूस गेला. उरलेल्याला धुराचा वास लागला, तो व्यापाऱ्यानं भाव पाडून घेतला. काकांच्या छातीत धूर गेला आणि एक दिवस तालुक्याच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावून ठेवावं लागलं. शेजारच्या खोलीतली दोन्ही लेकरं गोधडीत गुंडाळून बाहेर आणली, ती सुखरूप. नगरपालिकेचा बंब गावापासून अर्ध्या तासावर, त्यामुळे १०१ लावायच्या आधीच जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

कापसाची खोली आणि लेकरांची खोली यांच्यामध्ये एक बोळ आहे. त्या बोळाच्या छताला स्मोक अलार्म होता. झाकण उघडं, एका बाजूला लोंबकळणारं, आणि बॅटरीची जागा रिकामी.

मी वीस वर्षांपासून विजेची कामं करतो. दुसऱ्या दिवशी त्या घरात जाऊन सगळं पाहिलं, पुढचे दोन महिने त्यावर काम केलं. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण आग कशी लागली हे मला पंधरा मिनिटांत सापडलं, पण भोंगा गप्प का होता हे समजायला घरातल्या सगळ्यांशी बोलावं लागलं.

आगीचं कारण आधी सांगून टाकतो. पाणी तापवायचा १५०० वॉटचा रॉड. बाथरूमजवळ बोर्ड नाही म्हणून बैठकीतल्या बोर्डावरून एक्स्टेंशन ओढलेलं. वायर बारीक, मधे एक जोड, जोडावर काळी टेप. कापूस भरत गेला तसा तो जोड ढिगाखाली गेला. १५०० वॉट म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा अँपिअरच्या आसपास. एवढा करंट ढिल्या जोडातून रोज अर्धा तास गेला की जोड तापणारच, आणि वरून कापसाचं पांघरूण. त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता लेकरांच्या अंघोळीसाठी रॉड लावला होता. म्हणजे सातपासून अडीचपर्यंत, साडेसात तास, ते आतल्या आत धुमसत होतं. चालू स्थितीतला अलार्म बोळात असता तर हे घर बहुधा झोपायला जायच्या आधीच जागं झालं असतं.

भोंगा कसा गप्प झाला

धाकटा मावसभाऊ पुण्यात कंपनीत आहे. २०१२ मध्ये कामासाठी तो काही महिने परदेशात होता. तिथे घराघरांत हे पाहून आला आणि येताना दोन घेऊन आला, मायेनं. एक स्वयंपाकघरात लावला, एक वरच्या खोलीत. घरात त्याला नाव पडलं 'भोंगा'.

स्वयंपाकघरात का, तर आग तिथेच असते, हा साधा विचार. कुणीही असाच करेल. पण चुलीपासून हातभर अंतरावर लावलेला भोंगा लसणाच्या फोडणीला वाजायचा, ठेच्याच्या मिरच्या भाजताना वाजायचा, भाकरी जरा करपली तरी वाजायचा. चुलीतल्या पळाट्या, म्हणजे कापसाच्या काड्या, ओल्या असल्या की विचारूच नका. मावशी म्हणाली, "पाहुणे ताटावर बसले की ह्याचं सुरू. कामून ठेवावं त्याला तिथं?" सहा महिन्यांत तो बोळात हलवला. तिथे नेमका पंख्याच्या पात्याशेजारी स्क्रू ठोकला, कारण छताला आधीचं एक भोक होतं.

मग रात्रीची टिकटिक सुरू झाली. बॅटरी उतरली की अलार्म दर अर्ध्या-एक मिनिटाला एकदाच 'टिक्' असा आवाज करतो. खऱ्या धुराचा इशारा वेगळा असतो: तीन लांब आवाज, थोडी थांबणी, परत तीन. हा फरक घरात कुणाला सांगितलेलाच नव्हता. आजी दोन रात्री रातकिडा शोधत होत्या, कणगीमागे, लाकडाच्या फळीखाली. तिसऱ्या रात्री थोरल्याला कळलं की आवाज वरून येतोय.

आणि ही टिकटिक नेहमी पहाटे तीन-चारलाच का सुरू व्हायची, यामागे भूतबाधा नाही. गार झाली की बॅटरीच्या आतला विरोध वाढतो आणि व्होल्टेज पडतं. परभणीच्या हिवाळ्यात पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. दिवसा जेमतेम पुरणारी बॅटरी पहाटे कमी पडते, ऊन चढलं की परत सावरते आणि आवाज थांबतो. म्हणून घरच्यांना सकाळी वाटायचं, आपोआप बरं झालं.

दोनदा बॅटरी बदलली. गावातल्या दुकानात मिळाली ती स्वस्तातली साधी नऊ व्होल्टची, अल्कलाइन नव्हे. ती काही महिन्यांत परत टिकटिकायची.

२०१७ मध्ये हरिनाम सप्ताह होता. भजनी मंडळाच्या कॉर्डलेस माइकला हीच चौकोनी बॅटरी लागते. ऐन कीर्तनाच्या वेळी माइक बंद पडला, दुकान बंद, काकांना बोळातला भोंगा आठवला. "सप्ता झाला की परत बसवतो म्हणलं व्हतं मी," काका मला सांगत होते, दवाखान्यातून आल्यावर, नजर खाली घालून. मी त्यांना म्हटलं, काका, ती बॅटरी त्या दिवशी नसती काढली तर दुसऱ्या कुठल्या तरी रात्री कुणीतरी काढलीच असती. हे मी त्यांची समजूत घालायला म्हणालो नाही. पाच वर्षं एखाद्या वस्तूनं घराला फक्त त्रास दिला असेल, एकदाही उपयोग झाला नसेल, तर तिची बॅटरी निघणारच.

वरच्या खोलीतल्या भोंग्याची गत निराळी. २०१८ मध्ये धाकट्याचं लग्न झालं, घराला रंग दिला. रंगाऱ्यानं छताबरोबर भोंग्यावरही रोलर फिरवला. तो पांढरा, छत पांढरं, कुणाच्या डोळ्यांना खुपलं नाही.

आता माझी गोष्ट. २०१९ मध्ये त्याच घरात मी इन्व्हर्टर बसवला. बोळातून दिवसभर ये-जा केली. उघडं झाकण लोंबकळताना पाहिलं आणि काही बोललो नाही. मला सांगितलेलं काम इन्व्हर्टरचं होतं. हे मला आजही लागतं, आणि तेव्हापासून कुठल्याही घरात गेलो की आधी वर बघतो.

टेबलावर काय दिसलं

दोन्ही भोंगे मी दुकानात आणले. मागच्या बाजूला उत्पादनाचं वर्ष छापलेलं: २०११. स्मोक अलार्मचं आयुष्य उत्पादनाच्या तारखेपासून दहा वर्षं धरतात. विकत घेतल्यापासून नव्हे, बसवल्यापासूनही नव्हे. म्हणजे बॅटरी जागेवर असती तरी २०२१ मध्ये दोन्ही बदलायलाच हवे होते. हे छतावर चिकटलेल्या बाजूला छापलेलं असतं, त्यामुळे बसवल्यावर ते कुणाला दिसत नाही.

तारखेशेजारी किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह होतं. हे आयनीकरण पद्धतीचे अलार्म. आत अमेरिशियम-२४१ चा अगदी सूक्ष्म अंश असतो. त्याच्या किरणांमुळे दोन पट्ट्यांमधली हवा वीज वाहू देते आणि धुराचे कण आत शिरले की तो बारीकसा प्रवाह घटतो. एवढ्यावर भोंगा वाजतो. बंद डबीत त्याचा घराला धोका नाही. मात्र ती डबी फोडायची नाही, जाळायची नाही, भंगारवाल्याला द्यायची नाही. आपल्याकडे किरणोत्सारी पदार्थ असलेल्या वस्तूंवर अणुऊर्जा नियामक मंडळाचं नियंत्रण आहे. मी आतली डबी उघडली नाही.

ही पद्धत भडकलेल्या आगीच्या अतिसूक्ष्म कणांना पटकन ओळखते. तसेच कण गरम तेलातून आणि भाजण्यातूनही निघतात. फोडणीला हा का वाजायचा, ते इथे उलगडतं. उलट धुमसणाऱ्या आगीचे कण मोठे असतात, आणि ते या पद्धतीला उशिरा कळतात. म्हणजे या घरात जो अलार्म होता तो रोजच्या स्वयंपाकाला तिखट आणि कापसाच्या धुराला मंद होता. पाहिजे होतं नेमकं याच्या उलट.

आधी मऊ ब्रशनं आणि व्हॅक्यूमच्या नळीनं बाहेरून फटी साफ केल्या. बोळातल्या भोंग्यातून जे निघालं ते धूळ म्हणावी असं नव्हतं. कापसाचे बारीक तंतू, माळवदाची माती आणि कोळ्याचं जाळं एकमेकांत बसून नमद्यासारखा करडा थर झाला होता. चिमटीत धरून ओढला तर अख्खी पट्टी निघाली. पंख्यानं इतकी वर्षं ती धूळ तिथे फेकली होती.

मग दोन्हींत नवी अल्कलाइन बॅटरी घातली आणि बटण दाबलं. दोन्ही वाजले. खणखणीत. रंग दिलेलाही.

इथे मी थोडा वेळ बसून राहिलो. आमच्या धंद्यातली बहुतेक माणसं इथे थांबतील: बटण दाबलं, वाजलं, चालू आहे. मी स्टीलच्या ताटलीत सरकीसकट कापसाचा बोळा धुमसत ठेवला, दुकानाचं शटर खाली ओढलं आणि दोन्ही भोंगे वर टांगले. शेजारी तिसरा एक नवा अलार्म, वेगळ्या पद्धतीचा, त्याच्याबद्दल पुढे येतंच. नवा चौथ्या मिनिटाला वाजला. बोळातला जुना बारा मिनिटं झाली तरी गप्प होता. रंग दिलेल्याच्या फटींत धूर जातच नव्हता, बाहेरून वळसा घालून जाताना दिसत होता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा शटर उघडलं.

बारा वर्षांच्या जुन्यानं नव्याशी शर्यत लावली, हे काही न्याय्य नाही, आणि त्यावरून मी कुठल्या पद्धतीचा निकाल देत नाही. पण एक गोष्ट डोळ्यांसमोर झाली. बटण हे विजेचं सर्किट, बॅटरी आणि भोंगा तपासतं. धुराला आत जायला वाट आहे की नाही, हे बटणाला कळत नाही. ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

काय बसवलं, कुठे बसवलं

पहिल्यांदा मीही चुकलो. शहरातल्या एका ठोक दुकानातून तीन 'स्मोक डिटेक्टर' आणले. स्वस्त, दिसायला सुबक. घरी येऊन पाहतो तर त्यांना स्वतःचा भोंगाच नाही. ते हॉटेल, दवाखाने, मोठ्या इमारतींसाठी असतात. धूर ओळखून वायरीवरून पॅनेलला सांगतात आणि आवाज पॅनेल करतं. पॅनेलशिवाय छताला लावले तर फक्त लुकलुकणारा दिवा. आपल्याकडे दुकानात 'स्मोक डिटेक्टर' मागितलं की बहुधा हेच हातात पडतं, म्हणून मुद्दाम सांगतो: घरासाठी मागताना बॅटरी आणि भोंगा आतच असलेला, एकट्यानं चालणारा अलार्म, असं स्पष्ट म्हणायचं. ते तीन परत केले.

मोठ्या इमारतींसाठी कायदा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार अशा इमारतींच्या मालकांनी आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. गावातल्या घराला असं कुणी विचारायला येत नाही. तिथे जे करायचं ते घरानंच.

शेवटी प्रकाशावर चालणारे तीन अलार्म मागवले. यात एक काळी डबी असते. तिच्यात एका बाजूनं प्रकाशाची तिरीप सोडलेली असते आणि तिरीप थेट पडणार नाही अशा कोपऱ्यात डोळा बसवलेला. धूर शिरला की प्रकाश विखुरतो, डोळ्यावर पडतो आणि भोंगा सुरू. धुमसणाऱ्या आगीचे मोठे कण याला लवकर सापडतात. बॅटरी दहा वर्षांची, लिथियमची, आतच सीलबंद. काढायचीच सोय नाही, म्हणजे सप्ताहाच्या माइकला जायची सोय नाही. तीनही अलार्म एकमेकांशी बिनतारी जोडलेले, एक वाजला की तिन्ही वाजतात. तिन्हींचा खर्च त्या वेळच्या एका क्विंटल कापसाच्या आत बसला.

बिनतारी जोडणीवर धाकटा म्हणाला, एवढी गरज आहे का? गरज होती. अलार्मचा आवाज तीन मीटरवर ८५ डेसिबल असतो, ऐकायला भरपूर. पण घराचा जुना भाग माळवदाचा, भिंती दोन-दोन फुटी मातीच्या. बोळातला वाजवून मी माळवदाच्या खोलीत दार लावून बसलो, तर लांब कुठेतरी मोटारसायकलचा हॉर्न वाजावा तेवढंच आलं.

पहिला बोळात, पण पंख्यापासून दूर. पात्याच्या टोकापासून निदान नव्वद सेंटिमीटर सोडायचे असतात, नाहीतर पंखा धूर अलार्मपर्यंत पोचूच देत नाही. स्वयंपाकघराच्या दारापासूनही तीन मीटर मोजून घेतले. दुसरा वरच्या खोलीत छताच्या मध्यावर. तिसरा माळवदाच्या खोलीत, आणि तिथे विचार करावा लागला. माळवदातून माती गळते, छताला लावला तर महिन्यात भरेल. शिवाय तुळयांच्या मधल्या खणांत धूर अडकतो. म्हणून भिंतीला लावला, तुळयांच्या खालच्या पातळीजवळ. सपाट स्लॅबच्या खोलीत भिंतीला लावायचा असेल तर छतापासून दहा ते तीस सेंटिमीटर खाली. अगदी कोपऱ्यात नाही, कारण भिंत आणि छत मिळतात त्या खाचेत हवा थबकलेली असते.

कापसाच्या खोलीत लावा, असा काकांचा आग्रह होता. त्यांच्या मनातली भीती मला समजत होती. पण भरताना, उपसताना तिथे तंतूंचं धुकं असतं. प्रकाशावर चालणाऱ्या अलार्मला तंतू आणि धूर यांत फरक करता येत नाही. तो रोज वाजला असता आणि दोन महिन्यांत पिशवी बांधून ठेवला असता. म्हणून खोलीच्या दाराबाहेर, बोळात. आतल्या बोर्डाचा मेन स्विच बाहेर काढला. कापूस आत असेपर्यंत तो बंद राहतो, आणि ढीग बोर्डापासून दोन हात लांब. रॉडसाठी बाथरूमबाहेर स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट, जाड वायर, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. एक्स्टेंशन मी स्वतः तोडून टाकलं.

पत्र्याच्या शेडात एकही लावला नाही. बहुतेक घरगुती अलार्म साधारण चार ते अडतीस अंशांत चालण्यासाठी बनवलेले असतात. आमच्याकडे मे महिन्यात बाहेरच त्रेचाळीस-चव्वेचाळीस असतं, पत्र्याखाली त्याहून कितीतरी जास्त. तिथे लावायचाच तर उष्णतेवर चालणारा डिटेक्टर हवा.

कोण बघणार

हा प्रश्न मी बसवण्याआधी विचारला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. २०१२ मध्ये हेच झालं होतं: आणणारा पुण्याला गेला, आणि भोंगा कुणाचाच उरला नाही.

थोरल्याची लेक, माझी पुतणी, तेव्हा सातवीत. ती म्हणाली, "मी बघते काका." तिच्याकडे दिलं, आणि नुसतं तोंडी नाही. अमावस्येला या घरात ट्रॅक्टर आणि मोटारसायकल धुऊन नारळ फोडतात, ते कधी चुकत नाही. भोंग्याचं बटण त्याच दिवशी दाबायचं ठरलं, केरसुणीच्या दांड्यानं. महिन्यातून एकदा एवढं पुरतं. कापसाच्या दिवसांत, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, बटणाबरोबर मऊ ब्रशही फिरवायचा. दिवाळीआधी जळमटं काढताना व्हॅक्यूम. तो मी घेऊन जातो. ओलं फडकं नाही, डासांचा फवारा जवळ मारायचा नाही, रंग देताना प्लास्टिकची पिशवी बांधायची आणि काम झालं की त्याच दिवशी सोडायची.

तीनही अलार्मच्या कडेला, खालून वाचता येईल असं, मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'बदला नोव्हेंबर २०३२'. मागे छापलेली तारीख नोव्हेंबर २०२२ होती. पुतणीनं हिशेब केला, "तेव्हा मी बावीस वर्षांची असेन." मी म्हटलं, तू कुठेही असलीस तरी फोन करायचा.

दोन आवाजांतला फरक सगळ्यांना ऐकवला. तीन-तीनदा वाजला तर आधी माणसं बाहेर. एकेकदा टिक् वाजलं तर आयुष्य संपलं किंवा बिघाड झाला, नवा आणायचा. स्वयंपाकाच्या धुरानं वाजला तर मधलं बटण दाबून काही मिनिटं शांत करायचा, दार-खिडकी उघडायची. काढायचा नाही.

आता दोन वर्षं होत आली. पहिल्या वर्षी तो चार वेळा विनाकारण वाजला. दोनदा मिरच्या भाजताना, वारा उलटा होता. एकदा मृगाच्या पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी: दिव्यावर पंखवाल्या वाळवीचा थवा आला आणि बारीक किडे डबीत शिरले. चौथ्या वेळेचं कारण मला सापडलं नाही. साफ केल्यावर परत वाजला नाही. पुतणीच्या चाचणीच्या वहीत दोन अमावस्या कोऱ्या आहेत, जून आणि जुलैच्या. पेरणीत घरात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. पण तिन्ही अलार्म जागेवर आहेत, कुणी हात लावलेला नाही, आणि माझ्या दृष्टीनं आतापर्यंतची खरी कमाई ही आहे.

एक गोष्ट मात्र अलार्मनं सुटली नाही. आजींना ऐकू कमी येतं, आणि वय झालं की बारीक, चिरका आवाज आधी हरवतो. घरगुती अलार्मचा आवाज नेमका तसाच असतो. पहिल्या चाचणीत, रात्री नऊ वाजता, तिन्ही भोंगे एकदम वाजत असताना आजी शांत झोपल्या होत्या. ज्या बाईनं त्या रात्री सगळ्यांना उठवलं ती. लेकरांचंही थोडंफार तसंच. धाकटा नातू अंगावरची गोधडी ओढून परत झोपला. उठवण्याचं काम म्हणून माणसांना वाटून दिलं. थोरल्यानं नातवाला उचलायचं, पुतणीनं आजींना हात धरून उठवायचं, तिची खाट आता आजींच्या खाटेला लागून आहे. कापसाचं दार कुणीही उघडायचं नाही. अंगणात लिंबाखाली जमायचं आणि मग १०१ किंवा ११२.

पहिल्यांदा आवाजापासून लिंबापर्यंत चार मिनिटं लागली. वेळ कुठे गेला ते पुतणीनंच दाखवलं. ओसरीच्या दाराला वर एक जुनी लोखंडी कडी आहे, गंजलेली, आणि तिथे तिचा हात पोचत नव्हता. ती आजींना धरून दाराशी उभी राहिली आणि काका येईपर्यंत तिथेच थांबली. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून वरची कडी काढली. नवी खाली बसवली, तिच्या खांद्याच्या उंचीला, आणि तेल दिलं. मागच्या अमावस्येला दीड मिनिट लागलं.